इनाम कुणाच्या नावाचं? आयसीसीच्या अध्यक्षांना लातूरहून खुले पत्र

प्रति,
मा. श्री. जय शहा,
अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद (आयसीसी), दुबई



पत्र मराठीत आहे. दुबईत ते कुणाला लागेल की नाही, ठाऊक नाही. पण आपण ज्या बीसीसीआयचे पाच वर्षं सचिव होता, तिचं मुख्यालय वानखेडेच्या आवारात आहे आणि तिथं मराठी वाचणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांतलं कुणीतरी मजकूर सांगेल. शिवाय गुजराती माणसाला मराठी काही अगदीच परकी नाही.

मी लातुरात मास्तर आहे. गाव नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं. माळेगावची खंडोबाची यात्रा उठली की आमच्या गावात टेनिस बॉलचे सामने भरतात. सोयाबीन निघालेलं आणि हरभरा न पेरलेलं एखादं रान कुणीतरी देतं. काळ्या मातीत खेळपट्टी करणं मोठं किचकट काम. पाणी जास्त झालं तर चिखल, कमी झालं तर दोन दिवसांत बोटभर भेगा. पोरं संध्याकाळी पाणी मारतात, रात्रभर मुरू देतात आणि पहाटे वाळू भरलेलं टिपाड तिच्यावरून लोळवतात. मग फ्लेक्स लागतो. वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली बक्षिसांची यादी. पहिलं बक्षीस अमक्यातर्फे, दुसरं कै. तमक्याच्या स्मरणार्थ, मॅन ऑफ द मॅच कुठल्याशा कृषी सेवा केंद्राकडून. माइकवरचा माणूस दर षटकाला ही नावं घेतो. पैसे देणाऱ्याला तेवढंच हवं असतं आणि त्यात वावगं काही नाही.

एका वर्षी पहिलं बक्षीस द्यायला हातभट्टीवाला पुढे आला. २१,००१ रुपये. आमच्याकडे तोवर पहिलं बक्षीस ७,००१ च्या वर कधी गेलं नव्हतं. पोरं हरखली. फ्लेक्सचा मजकूर छपाईला गेलासुद्धा. त्या रात्री आमच्या यष्टिरक्षकाची आई देवळापाशी आली. तिचा नवरा त्याच भट्टीपायी गेला होता. ती एवढंच म्हणाली, "त्याचं नाव माइकवर घेणार असाल तर माझं लेकरू खेळणार नाही." कुणी वाद घातला नाही. फ्लेक्स पुन्हा छापला, वर्गणी फिरवली, कसेबसे ७,००१ जमवले. गंमत पुढेच आहे. भट्टीवाला तरीही रोज सामने बघायला यायचा. बांधावर बसायचा, षटकार गेला की सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायचा. त्याला कुणी उठवलं नाही. त्याची भट्टीही त्या वर्षी बंद पडली नाही. माइकवर मात्र त्याचं नाव एकदाही आलं नाही.

अध्यक्षमहोदय, माझं सगळं म्हणणं या गोष्टीत आलं आहे. पण आपण म्हणाल, गावचे सामने कुठे आणि विश्वचषक कुठे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२३ चा विश्वचषक आपल्याच देशात झाला. सामना संपला की सामनावीराचं नाव पुकारलं जाई आणि त्या किताबाला जोडून अरामकोचं नाव येई. अरामको म्हणजे सौदी अरेबियाच्या सरकारच्या ताब्यातली, जगातली सर्वांत मोठी तेल कंपनी. २०२२ साली तिचा निव्वळ नफा १६१ अब्ज डॉलर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयसीसीनं तिच्याशी करार केला आणि २०२३ च्या डिसेंबरात तो वाढवून थेट २०२७ च्या अखेरीपर्यंत नेला. आयपीएलमध्ये ती त्याही आधी शिरली होती. २०२२ च्या हंगामात सर्वाधिक धावांची केशरी टोपी आणि सर्वाधिक बळींची जांभळी टोपी, दोन्ही तिच्या नावानं दिल्या गेल्या.

त्या दिवसांत वर्गातल्या एका पोरानं मला विचारलं होतं, "सर, अरामको ही टोप्या करायची कंपनी आहे का?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. घरी जाताना वाटलं, अरे, त्यांनी पैसे मोजून नेमकं हेच तर घेतलं आहे. लातूरच्या पोराला ती तेलाची कंपनी न वाटता टोपीची वाटावी, एवढ्यासाठीच तर हा सगळा खर्च.

हाच प्रश्न कोकणातल्या राजापूरच्या पोराला विचारला असता तर तो चुकला नसता. नाणारची रिफायनरी त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करायचा तो प्रकल्प. निम्मा वाटा आपल्या तीन सरकारी तेल कंपन्यांचा आणि उरलेल्या निम्म्यात अरामको आणि अबुधाबीची कंपनी. अरामकोशी सामंजस्य करार झाला तो एप्रिल २०१८ मध्ये. गावांनी ग्रामसभा घेतल्या, मोर्चे काढले आणि २०१९ च्या मार्चमध्ये सरकारला नाणारची अधिसूचना मागे घ्यावी लागली. पुढे रिफायनरीसाठी शेजारच्या बारसूचं नाव आलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथं माती परीक्षणाला पोलीस बंदोबस्तात गाड्या निघाल्या तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या. ज्या सड्यावर हे चाललं होतं त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांचा समावेश झालेला आहे. हे झालं एप्रिलमध्ये. ऑक्टोबरात विश्वचषक सुरू झाला.

कोकणाचं कोकणवाले बघतील. मी माझ्या लातूरचं सांगतो, कारण क्रिकेट आणि लातूर यांची एकदा समोरासमोर गाठ पडली होती आणि ते आपल्याला आठवत असणार.

२०१६ चा उन्हाळा. धनेगावचं मांजरा धरण कोरडं ठाक पडलेलं. मार्चमध्ये कलेक्टरांनी पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या जागांवर १४४ कलम लावलं. दंगलीसाठी लावायचं कलम पाण्यासाठी लागलं होतं. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरात पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि तिच्या शंभरावर फेऱ्या झाल्या. तिला 'जलदूत' नाव दिलं होतं. पहिल्या गाडीला हार घातले, नारळ फोडले. आम्ही मात्र घरी बसून हिशेब करत होतो की पाच लाख लिटर भागिले पाच लाख माणसं म्हणजे माणशी एक लिटर.

आमच्या गल्लीत टँकर कधी रात्री दोनला यायचा, कधी चारला. ज्याचं त्याचं टिपाड रस्त्यावर रांगेत मांडलेलं, त्यावर ऑइलपेंटनं घर नंबर. रांग राखायचं काम पोरांकडे, कारण मोठ्यांना सकाळी कामावर जायचं असे. पोरं एका मोबाइलभोवती कोंडाळं करून आयपीएल बघत बसायची. सामना संपला की हायलाइट्स. माझी थोरली भाची ज्या रात्री राखणीला असे, त्या रात्री रांगेत भांडण होत नसे, कारण धावफलक तिच्या हातात. मोबाइलच्या उजेडात तेवढी निळी टिपाडं आणि पोरांचे चेहरे दिसायचे. त्या वर्षी गावाकडच्या सामन्यांत मालिकावीराला ट्रॉफीऐवजी २०० लिटरचं नवं टिपाड दिलं. एवढी चुरस मी कुठल्या करंडकासाठी पाहिली नाही.

आणि पाण्याची रेल्वे आली त्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मुंबई, पुणे, नागपूर मिळून मैदानांवर ६० लाख लिटर पाणी लागेल, असं याचिकेत मांडलं होतं. तेरा सामने होते, त्यांत मुंबईची अंतिम लढतही. ती पुढे बंगळुरूला झाली. क्रिकेट मंडळानं त्या वेळी केलेले युक्तिवाद आठवले की अजून कसंसंच होतं, पण ते आपल्या कारकिर्दीच्या आधीचं, म्हणून सोडून देतो.

खरं सांगायचं तर वानखेडेवरचं पाणी वाचल्यानं लातूरच्या नळाला थेंबभरही आलं नाही. येणारच नव्हतं. तिथलं पाणी वेगळं, इथलं वेगळं. मुंबईतले बरेच शहाणे तेव्हा म्हणाले की हे निव्वळ दिखाऊ आहे. आमच्या गल्लीत तसं कुणी म्हणालं नाही. टिपाडाच्या रांगेत बसलेल्या माणसाला एवढंच कळलं की कुणीतरी कुणालातरी सांगितलं, शेजारी सुतक असताना वाजंत्री लावू नये. त्याला दिखावा म्हणायचं असेल तर म्हणा. मग अरामको सामनावीराच्या किताबासाठी एवढी रक्कम मोजते ती कशासाठी? तिला काही सामनावीर व्हायचं नाही. नावाला आणि खुणेला किंमत असते हे आमच्याहून तिला जास्त कळतं.

आता आपल्या बाजूनं कुणीही विचारील असा प्रश्न मीच विचारतो. लातूरचा दुष्काळ काय अरामकोनं पाडला? नाही. आमच्या दुष्काळात आमच्या उसाचा हात मोठा आहे. मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांच्या चिमण्या मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. ज्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यातही गळीत हंगाम चालूच होता. बोअर हजार फुटांखाली नेणारे आम्हीच. हे लपवून मी तेल कंपन्यांकडे बोट दाखवलं तर माझेच विद्यार्थी मला हसतील.

पण पावसाचं जे झालंय ते एकट्या उसानं झालेलं नाही. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. मग ती पाऊस दाबून धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीवर गेल्या आहेत. अरबी समुद्र तापतो, तिकडून येणारे वारे बिथरतात आणि आमच्याकडे ओढ तरी पडते नाहीतर ढग तरी फुटतो. म्हाताऱ्यांची नक्षत्रं आता जमत नाहीत. मृगात पेरावं तर दुबार, आर्द्रेत पेरावं तर सोयाबीन काढणीला आलं की परतीचा पाऊस. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा मोसंबीएवढ्या गारा मी हातात घेतल्या आहेत. त्याही उन्हाळ्याच्या तोंडावर! त्याच वर्षी पुढे पाऊस नाही, २०१५ ला तर नाहीच. गारा आणि दुष्काळ एकाच वर्षाच्या सातबाऱ्यावर.

आणि २०२५ चा ऑगस्ट. मुखेड तालुका, आमच्या नांदेड जिल्ह्यातलाच. १७ तारखेच्या रात्री पाऊस असा कोसळला की पहाटेपर्यंत हसनाळ, रावणगाव आणि आसपासची गावं पाण्यात. माणसं झोपेत बुडाली. लष्कराला बोलवावं लागलं. तिथंही लेंडी धरणाचं पाणी आणि रखडलेलं पुनर्वसन हा मोठा भाग होता. त्याचा जाब आम्ही मुंबईला विचारतो आहोत, दुबईला नाही. पण धरण होतं तिथंच होतं, रात्रीतून वाढला तो पाऊस. सप्टेंबरात तर सगळा मराठवाडाच वाहून गेला. माती खरवडून गेलेल्या शेतात पुन्हा माती कुठून आणायची, हा प्रश्न आमच्याकडच्या शेतकऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला. राज्य सरकारनं ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अरामकोचा २०२२ चा एका वर्षाचा नफा त्याच्या चाळीस पट भरतो. मास्तर माणूस, भागाकार केल्याशिवाय राहवत नाही.

दुसरा प्रश्न अटळ आहे. मास्तर, तुम्ही मोटारसायकलवर फिरता ना? फिरतो. लोह्याच्या पंपावर पेट्रोल भरतो. गावात डिझेलशिवाय ट्रॅक्टर हलत नाही, पाण्याचा टँकरही डिझेलवरच आला होता. तेल लागतं तोवर विकत घेऊ, पैसे मोजून. त्या व्यवहारात कुणाचे उपकार नाहीत. पण पंपावर पेट्रोल भरणं वेगळं आणि घरच्या लग्नपत्रिकेवर पंपवाल्याचं नाव छापणं वेगळं. आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. क्रिकेटमध्ये पैसा नव्हता तेव्हा कित्येकांची चूल त्या पगारावर पेटली. त्या नोकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. आयसीसीचं दुकान त्या अवस्थेत नाही.

पैशाचं म्हणाल तर तो खेळापर्यंत पोचतो हे मला दिसतं. बीडचा सचिन धस २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात उपान्त्य सामन्यात ९६ धावांवर बाद झाला तेव्हा सगळा मराठवाडा हळहळला. त्याच्या दोन वर्षं आधी तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर त्याच वयोगटातून विश्वविजेता होऊन आला. ही पोरं आमच्या मातीतून उठून तिथं जातात त्यामागे मंडळाची यंत्रणा आहे, पैसा आहे, मान्य. पण तो पैसा अमुकच एका नावाचा असला पाहिजे, असं कुठं आहे?

नावं बदललेली आम्ही पाहिली आहेत. १९९६ चा विश्वचषक 'विल्स'चा होता. भारतीय संघाच्या जर्सीवरही कित्येक वर्षं सिगारेटच्या त्याच छापाचं नाव. सचिन तेंडुलकरनं वडिलांना शब्द दिला होता म्हणून दारू-तंबाखूची जाहिरात आयुष्यभर केली नाही. प्रा. रमेश तेंडुलकरांचा मुलगा तो. पण त्याच सचिनच्या अंगावर संघाची जर्सी चढली की तिच्यावर विल्स होतं, कारण जर्सीवर काय छापायचं हे सचिन ठरवत नव्हता. म्हणून हे पत्र मी कुठल्या खेळाडूला लिहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सनं २०२२ मध्ये आपल्या मंडळाच्या प्रायोजक ऊर्जा कंपनीबद्दल नाराजी दाखवली, तर लोकांनी त्यालाच धारेवर धरलं, की तू विमानानं फिरतोस ना. पुढे तो करार संपला, मंडळानं कारण वेगळं सांगितलं. एकट्या खेळाडूच्या खांद्यावर हे ओझं टाकणं बरोबर नाही. ते ज्यांच्या सहीनं होतं त्यांचं आहे.

तंबाखूवर कायदा येणार असं दिसताच २००१ मध्ये सिगारेट कंपनीनं खेळांची प्रायोजकी सोडली. तेव्हाही म्हणत होते की क्रिकेटचं कसं होणार. काय झालं ते आपल्यासमोर आहे. अलीकडचंच घ्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन जुगारी खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि प्रायोजक ड्रीम-११ एका फटक्यात भारतीय संघाच्या जर्सीवरून गेली. सप्टेंबरात आपला संघ आशिया चषक खेळला तो छातीवर प्रायोजक नसलेल्या जर्सीत. मला ती जर्सी फार आवडली. नुसतं 'इंडिया'. आणि दुबईत पाकिस्तानला हरवून आपण चषक जिंकलोही.

बाहेरच्या जगातही हे सुरू झालेलं आहे, आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. लेगो कंपनी खेळण्यांवर शेल तेल कंपनीचं नाव टाकत होती. ग्रीनपीसनं तीन महिने रान उठवलं आणि २०१४ च्या ऑक्टोबरात लेगोनं जाहीर केलं, चालू करार पाळू, पुन्हा करणार नाही. लंडनच्या टेट कलादालनातून बीपी ही तेल कंपनी २६ वर्षांनी बाहेर पडली. रॉयल शेक्सपिअर कंपनीची बीपीच्या पैशातून स्वस्त तिकिटं होती. शाळेतल्या मुलांनी पत्र लिहिलं की असल्या तिकिटावर आम्ही नाटक बघणार नाही. २०१९ ला तोही करार संपला. सगळीकडे असं होतं असं नाही. ब्रिटिश म्युझियमनं मात्र बीपीशी नवा दहा वर्षांचा करार करून टाकला. फुटबॉलमध्ये फिफानं २०२४ मध्ये अरामकोशीच करार केला तेव्हा २४ देशांतल्या शंभरावर महिला खेळाडूंनी जाहीर पत्र लिहिलं. ते पत्र वाऱ्यावर गेलं. महिला क्रिकेटपटूंवर तसं पत्र लिहायची वेळ येऊ नये.

आपण या विषयाला अगदी नवखे आहात असं मी मानत नाही. २०२३ च्या विश्वचषकात मुंबई-दिल्लीची हवा इतकी बिघडली की सचिव म्हणून आपणच आयसीसीशी बोलून तिथल्या सामन्यांची आतषबाजी बंद केलीत. दिल्लीत तर बांगलादेश आणि श्रीलंकेच्या संघांना सराव सोडावा लागला होता. आतषबाजी थांबल्यानं दिल्लीची हवा सुधारली नाही, तरी आपण ती थांबवलीत. लोकांना ते योग्य वाटलं. म्हणजे खुणेला अर्थ असतो हे आपण स्वतः मानलेलं आहे. त्याच वर्षी आयपीएलच्या बाद फेरीत प्रत्येक डॉट बॉलला ५०० झाडं लावायची घोषणा झाली. पहिल्याच सामन्यात ८४ डॉट बॉल, म्हणजे ४२,००० रोपं. पडद्यावर धावेच्या जागी झाडाचं चित्र यायचं. माझा मुलगा फलंदाज चुकला की टाळ्या वाजवायचा. झाडं कुठं लावली, किती जगली, याचा हिशेब शाळेतल्या वृक्षारोपणाचा अनुभव असलेल्या माणसानं विचारू नये, पण विचारावासा वाटतो. मात्र डॉट बॉलला झाड आणि धावेला केशरी टोपी तेलवाल्याची, हे कुणाच्याही डोक्यात बसत नाही. गोलंदाजानं राखलेलं फलंदाजानं उधळायचं, असा तो खेळ झाला.

मागणी मोठी नाही. करार मोडा असं मी म्हणत नाही. मोडला तर दंड, कोर्टकचेरी, आणि दिलेला शब्द पाळावा या मताचा मी आहे. २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात विश्वचषक आहे. तो होऊ द्या. त्यानंतर डिसेंबरात कराराची मुदत संपते. तेव्हा तो पुन्हा करू नका आणि अरामकोच्या जागी दुसरी तेल कंपनी बसवू नका. लेगोनं केलं तेवढंच करा. आणि ते आत्ताच, भरपूर आधी सांगून टाका, म्हणजे नवा प्रायोजक शोधायला आपल्या माणसांना दोन पावसाळे नाही तरी एखादा तरी मिळेल. अरामकोच्या लोकांनी सामने बघायला जरूर यावं, सौदीनं स्वतःचा संघ उतरवावा, चांगला खेळला तर आम्हीही टाळ्या वाजवू. आमच्या बांधावर बसणाऱ्याला आम्ही कधी उठवलं नाही.

प्रायोजक नाहीच मिळाला तर किताब नुसता सामनावीर म्हणून द्या. आमच्या यष्टिरक्षकाच्या आईच्या शब्दावर आम्ही एकवीस हजार सोडले होते. त्या पोरानं त्या वर्षी अंतिम सामन्यात तीन यष्टिचीत केले आणि मॅन ऑफ द मॅच म्हणून त्याला कृषी सेवा केंद्राकडून फवारणीचा पंप मिळाला. तो पंप अजून चालतो.

वाचकांपैकी ज्यांना हे पटेल त्यांनी दोन ओळींचं पोस्टकार्ड आयसीसीच्या अध्यक्षांच्या नावानं बीसीसीआय, वानखेडे स्टेडियम, मुंबई या पत्त्यावर टाकावं. कार्ड अजून पन्नास पैशालाच मिळतं. आमच्या नववीच्या वर्गानं त्रेसष्ट टाकली आहेत.



आपला,
लातूरचा एक क्रिकेटवेडा मास्तर